केस वाढतात, पण टिकत नाहीत: कृष्णवर्णीय केसांची लांबी राखण्याचं घरगुती तंत्र

"हिचे केस वाढतच नाहीत का गं?"

आईनं साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर हे विचारलं तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. डोक्यावर फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा गोल, काळाभोर झुबका, आणि तो झुबका आईनं दोन वर्षं तेवढाच पाहिलेला. मी मुलीच्या कानाजवळची एक बट चिमटीत धरली आणि हळूच खाली ओढली. ती हनुवटीवरून गेली, खांदा ओलांडून काखेपाशी पोचली. सोडली, तशी टुणकन पुन्हा कानाशी. पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "परत कर बघू."

या आकसण्याला इथे अमेरिकेत 'श्रिंकेज' म्हणतात. अगदी घट्ट पिळाचे केस वाळले की खऱ्या लांबीच्या चौथाईइतकेच दिसू शकतात. म्हणजे गैरसमजाची सुरुवात डोळ्यांपासूनच होते.

माझा नवरा अटलांटाचा, कृष्णवर्णीय. सासूबाई आणि दोन नणंदा यांचे केस मी बारा वर्षं जवळून पाहते आहे, आणि माझ्या मुलीचे ती जन्मल्यापासून. या बायकांनी आयुष्यभर तीन वाक्यं ऐकली: आमच्यासारख्यांचे केस लांब होत नाहीत, झालेच तर ते खोटे असतात, आणि खरे असतील तर तुझ्यात कुणीतरी 'दुसऱ्या रक्ताचं' असणार. वाईट याचं वाटतं की यातलं पहिलं वाक्य बहुतेकींनी आपल्याच घरात ऐकलेलं असतं. जरा सैल कुरळे केस असलेल्या मुलीला 'गुड हेअर' म्हणायचं आणि तिच्या बहिणीकडे बघून सुस्कारा टाकायचा, हे सासूबाईंच्या लहानपणी रोजचं होतं.

हा लेख मुख्यतः त्या मराठी घरांसाठी, जिथे अशा केसांची सून, जावई किंवा नात आली आहे. ऑफिसातल्या मैत्रिणीला "खरे आहेत का गं?" असं विचारून बसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी हिशेब

माणसाचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या केसांची मोजमापं झाली आहेत, त्यात वेग सरासरीनं थोडा कमी, महिन्याला पाऊण सेंटीमीटरच्या आसपास आला. ते झाकायचं कारण नाही. पण पाऊण सेंटीमीटर म्हणजे वर्षाला नऊ. केसाचा वाढीचा काळ दोन ते सहा वर्षांचा असतो. पाच वर्षं धरली तर पंचेचाळीस सेंटीमीटर होतात, म्हणजे मानेपासून जवळजवळ कमरेपर्यंत.

मग सासूबाईंचे केस चाळीस-पंचेचाळीस वर्षं खांद्यावरच का थांबले होते? अकराव्या वर्षापासून त्या 'रिलॅक्सर' लावायच्या, म्हणजे केस कायमचे सरळ करणारं क्षारयुक्त रसायन. दर सहा-आठ आठवड्यांनी 'टच-अप'. एकदा मी सहज विचारलं, टच-अप कशाला? म्हणाल्या, मुळाशी नवे कुरळे केस येतात ना, ते सरळ करायला. हे बोलल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. दर दोन महिन्यांनी नव्या केसांसाठी पैसे मोजणारी बाई आपले केस वाढत नाहीत असं म्हणत होती!

केस वाढत होतेच. जेवढे मुळाशी येत होते, तेवढेच टोकाशी तुटत होते. या केसाचं मूळ त्वचेत वाकडं असतं, केस आडवा कापला तर चपटा दिसतो, आणि प्रत्येक पीळ ही तुटण्याची जागा असते. टाळूचं तेल सरळ केसावरून घसरत शेंड्यापर्यंत जातं, पण या वळणांवर ते वरच अडकतं. त्यामुळे शेंडे कायम कोरडे. वर रसायन, उष्णता, ताण. एकोणसाठाव्या वर्षी सासूबाईंनी सगळे सरळ केस कापून टाकले, ज्याला इथे 'बिग चॉप' म्हणतात. सहा वर्षांनी त्यांची बट ताणली तर पाठीच्या मध्यापर्यंत येते.

तेव्हा वाढवण्याचं औषध शोधू नका. आलेली लांबी राखायची, एवढंच काम आहे.

पायरी पहिली: मोजा, आणि गळलेला केस नीट बघा

शिंप्याची टेप घ्या. केस ओलसर असताना चार ठिकाणची एकेक बट ताणून मोजा: कपाळावर, टाळूवर मधोमध, कानामागे, मानेपाशी. तारखेसकट लिहून ठेवा. पुन्हा चार महिन्यांनी मोजा. दर रविवारी मोजाल तर फक्त चिडचिड होईल. चारही जागा सारख्या वाढत नाहीत. आमच्या मुलीची टाळू नेहमी मागे असते, कारण तिथला पीळ सगळ्यात घट्ट आहे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंगव्यात आलेले केस. पांढऱ्या कागदावर पसरा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल, तर तो केस आयुष्य संपवून मुळापासून गळलाय, काळजी नको. ठिपका नसलेले आखूड तुकडे मात्र तुटलेले. तुकडे जास्त असतील तर तुमच्या हाताळणीत चूक आहे. दिवसाला पन्नास ते शंभर केस प्रत्येकाचे गळतात, आणि वेण्यांत ते अडकून राहतात. दोन आठवड्यांनी वेण्या सोडल्या की हजारभर केस एकदम हातात येऊ शकतात. पहिल्यांदा मी तो गोळा बघून रडले होते. नणंद म्हणाली, हा पंधरा दिवसांचा साठलेला हिशेब आहे, टाक कचऱ्यात.

४ए, ४बी, ४सी असे केसांचे प्रकार तुम्हाला सगळीकडे दिसतील. ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांची ही पिळावरून केलेली वर्गवारी; ४सी मात्र त्यात नंतर इतरांनी जोडला. बाटली निवडायला थोडी उपयोगी, पण एकाच डोक्यावर तीन प्रकार असतात, म्हणून तिच्यात फार अडकू नका.

पायरी दुसरी: न्हाणं

इथे याला 'वॉश डे' म्हणतात, आणि 'डे' शब्दशः खरा आहे. आठवड्यातून एकदा, फार तर दहा दिवसांनी. आमच्याकडे रविवारी सकाळी दहाला सुरू झालं की दुपारचं जेवण मध्ये करून तीनला संपतं.

मराठी बाईनं इथे पहिल्यांदा एक सवय सोडायची. कोरड्या केसांत वरून खाली फणी घालायची नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी प्रेमानं भाचीचे केस विंचरायला बसले, साताऱ्याहून आणलेली बारीक दातांची फणी घेऊन. तीन दात मोडले, मुलगी किंचाळली. सासूबाईंनी काही न बोलता माझ्या हातातली फणी काढून घेतली आणि तिचे केस पाण्यानं भिजवायला लागल्या.

क्रम असा. न्हाण्याआधी अर्धा-एक तास खोबरेल तेल, टाळूपेक्षा केसांच्या लांबीला. याला आपल्याकडचाच आधार आहे: मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलात तो गुण दिसला नाही. पण आपल्यासारखं तेल थापून चार दिवस ठेवायचं नाही. त्यावर धूळ बसते, आणि कोंडा असेल तर तो वाढतो.

मग केसांचे चार ते आठ भाग करा, प्रत्येकाचा सैल पीळ घालून चिमटा लावा. एका वेळी एकच भाग सोडायचा. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. फेस खाली ओघळतो तेवढा केसांना पुरे. त्यानंतर भरपूर कंडिशनर, केस निसरडा लागेपर्यंत. आता गुंता सोडवा. आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्यानं, शेंड्याकडून मुळाकडे. शेवटची दोन बोटं लांबी मोकळी झाली की दोन बोटं वर. गाठ लागली तर ओढू नका. तिच्यावर आणखी कंडिशनर घालून दोन्ही बाजूंनी उकला, सुईत अडकलेला दोरा सोडवतो तशी. भाग मोकळा झाला की पुन्हा पीळ, मग पुढचा. धुवून झाल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. जुना सुती टी-शर्ट गुंडाळून दाबायचं.

मूल लहान असेल तर मधे थांबा. आमच्याकडे दर दोन भागांना एक गोष्ट, असा करार आहे.

पायरी तिसरी: पाणी आत ठेवायचं

तेलानं केस ओला होत नाही. हे मला पटायलाच वर्ष लागलं, कारण 'केस कोरडे झाले, तेल लाव' हे आपल्या हाडात भिनलंय. ओलावा पाण्याचा, तेल त्यावरचं झाकण. म्हणून ओलसर केसांना आधी 'लीव्ह-इन' कंडिशनर (धुवून न टाकता केसांत ठेवायचं), मग थोडं तेल, मग क्रीम किंवा शिया बटर. शिया बटर पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांतून निघतं, तुपासारखं घट्ट. केस बारीक असतील तर ते जड होतं. तिथे वाटाण्याएवढं पुरे. मधल्या दिवसांत फवाऱ्यानं थोडं पाणी मारायचं.

जमैकन काळं एरंडेल खूप विकलं जातं. भाजलेल्या एरंडीचं ते तेल, म्हणून रंग काळा. लांबी राखायला मदत होईल, पण केस उगवतील असा भक्कम पुरावा नाही, आणि मोकळ्या केसांवर जास्त ओतलं तर गुंता असा बसतो की कात्रीच लागते. चाड देशातल्या बायका 'शेबे' नावाची बियांची पूड तेलात कालवून केसांना लावतात आणि त्यांच्या वेण्या कमरेखाली जातात, हे खरं. पण ती पूड टाळूला लावत नाहीत, केसाच्या लांबीला थापून वेणीत बंद करतात. पुन्हा तोच मुद्दा: न तुटू देणं. बाटलीवर 'हेअर ग्रोथ' लिहून चौपट भाव लावणाऱ्यांना हे परवडत नाही.

पायरी चौथी: बांधा, पण जखडू नका

केसांना जितके हात कमी लागतील तितके ते टिकतात. म्हणून दोन पेडांचे पीळ ('टू-स्ट्रँड ट्विस्ट'), टाळूलगतच्या बारीक वेण्या ('कॉर्नरो') किंवा सुट्या चौकटींतल्या वेण्या ('बॉक्स ब्रेड्स'). घरच्या पिळांना एक-दोन आठवडे, वेण्यांना फार तर सहा ते आठ. मग सोडायच्या, धुवायचं, आणि आठवडाभर केस सैल ठेवून मगच पुन्हा घालायच्या. वेण्या असतानाही टाळू धुवायची असते.

इथेच सगळ्यात जास्त लांबी घालवली जाते. वेणी घातल्यावर डोकं दुखतंय, भुवया ताणल्यासारख्या वाटताहेत, केसांच्या मुळाशी पांढरे पुरळ दिसताहेत, तर त्याच दिवशी सोडा. 'दोन दिवसांत सैल होईल' हे ऐकू नका. सततच्या ताणानं कपाळ आणि कानाजवळचे केस विरळ होतात. डॉक्टर याला 'ट्रॅक्शन अलोपेशिया' म्हणतात. सुरुवातीला ओळखलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चाललं तर मुळंच मरतात. माझ्या धाकट्या नणंदेच्या कपाळावर अशी दोन बोटांची पट्टी कायमची गेली. पार्लरमधल्या बाईला तिनं दुखतंय म्हणून सांगितलं होतं.

जोडकेसांबद्दल आपण नाक मुरडायचं काही कारण नाही. आपल्या आज्या गंगावन लावून खोपा घालत होत्या, आणि 'खोटे केस' म्हणून त्यांना कुणी हिणवलं नाही. शिवाय अमेरिकेतल्या दुकानांत मानवी केसांचे जे महागडे झुपके मिळतात, त्यांतले कितीतरी तिरुपतीला उतरवलेले आणि लिलावात विकलेले असतात. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुमच्या देवाचे केस डोक्यावर घेऊन चर्चला जात होते!"

'लॉक्स'बद्दल, म्हणजे दोरीसारख्या वळून घट्ट केलेल्या बटांबद्दल, एक गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवी. ते बघून आपल्याला जट आठवते, आणि जटेबरोबर यल्लम्मा, कोप, भीती हे सगळं. आपल्याकडे जट म्हणजे न धुतलेला, सोडवायची बंदी असलेला गुंता. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तो समजावून-सांगून कापतात, आणि ते योग्यच. लॉक्स हे आवडीनं घातलेले, केसांचे भाग करून वळलेले, नियमित धुतलेले असतात. त्यांत लांबीही उत्तम राहते, कारण रोजचं विंचरणंच नाही. आशा मंडेला या कृष्णवर्णीय बाईंचे लॉक्स २००९ मध्ये गिनीजनं मोजले तेव्हा ५.९६ मीटर भरले.

पायरी पाचवी: रात्र

सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि घासून केस तोडतो. सॅटिनची किंवा रेशमाची टोपी ('बॉनेट') घालायची. लहान मुलं ती झोपेत काढून फेकतात, म्हणून अभ्राही त्याच कापडाचा. एवढंच. सगळ्यात स्वस्त पायरी हीच आणि सगळ्यात जास्त चुकवली जाते तीही हीच.

पायरी सहावी: इस्त्री, रसायन, कात्री

सरळ करण्याचं यंत्र वर्षातून एक-दोनदा चालेल, धुतलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या केसांवर, संरक्षक क्रीम लावून, एकाच फेऱ्यात. पाणी लागल्यावरही एखादी बट पुन्हा वळली नाही तर ती भाजली आहे असं समजा. ती कापूनच जाणार.

रिलॅक्सर लावायचा की नाही हा ज्या-त्या बाईचा प्रश्न, पण माहिती असून ठरवावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०२२ मध्ये ३३ हजारांहून अधिक बायकांच्या दीर्घ पाहणीचे आकडे दिले. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के अंदाजलं गेलं; वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ते ४.०५ टक्के. हा नुसता संबंध आहे; रसायनामुळेच कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी आमच्या घरातली शेवटची डबी त्या बातमीनंतर गेली.

शेंडे फाटले असतील तेवढेच कापा, तीन-चार महिन्यांनी. कापल्यानं केस वाढत नाहीत. फाटा वर चढायचा थांबतो.

आणि टाळूच्या मधोमध केस विरळ होत गोल पसरत असेल, जळजळ किंवा दुखरेपणा असेल, तर तेलं बदलत बसू नका. मुळं व्रण पडून कायमची बंद करणारा एक विकार कृष्णवर्णीय बायकांत जास्त दिसतो. त्वचारोगतज्ज्ञ लवकर गाठा.

लोकांना काय सांगायचं

केस एकवेळ सोपे. "खरे आहेत का?" या प्रश्नाला नणंदेचं ठरलेलं उत्तर आहे: "तुझे?" न विचारता हात लावणाऱ्याचा हात ती नुसता बाजूला करते. मुलीला आम्ही एवढंच शिकवलंय की केस माझे आहेत, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि विचारलं तरी नाही म्हणता येतं.

'यांचे केस वाढत नाहीत' या समजामागचा इतिहास माहीत असला की उत्तर शांतपणे देता येतं. १७८६ साली लुईझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरनं फर्मान काढून मुक्त कृष्णवर्णीय बायकांना केस रुमालात बांधायला लावले. केस नव्हते म्हणून नाही, ते फार उठून दिसत होते म्हणून. पुढे १८६७ साली जन्मलेल्या, केसांच्या उत्पादनांचा धंदा उभारणाऱ्या कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांचे स्वतःचे केस टाळूच्या रोगानं झडत होते. घरात नळ नाही, धुणं क्वचित, अशी तेव्हाची परिस्थिती. त्यांच्या 'हेअर ग्रोअर' मलमात गंधक होतं आणि पद्धतीत वरचेवर धुणं होतं. टाळू बरी झाली, केस आले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा दोष वंशाचा नव्हता.

शाळा आणि नोकरीसाठी कायदा माहीत असू द्या. नैसर्गिक केसांवरून भेदभाव करायला मनाई करणारा 'क्राउन ॲक्ट' पहिल्यांदा कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये केला, नंतर बऱ्याच राज्यांनी. टेक्सासात तो २०२३ मध्ये आला. मात्र तिथल्याच एका शाळकरी मुलाच्या लॉक्सच्या खटल्यात २०२४ साली न्यायाधीशांनी ठरवलं की या कायद्यात केसांच्या लांबीला संरक्षण नाही. आधी म्हणायचं यांचे वाढत नाहीत, आणि वाढले की म्हणायचं नियमात बसत नाहीत! तेव्हा शाळेत नाव घालताना केसांचे नियम लेखी मागून घ्या, आणि आक्षेप आला तर तोंडी वाद न घालता तोही लेखी मागा.

घरच्यांना मात्र कायदा उपयोगी नाही, त्यांना दाखवावं लागतं. आईला मी सलग तीन रविवार न्हाणं फोनवर दाखवलं, कंडिशनरपासून शेवटच्या पिळापर्यंत. चौथ्या महिन्यात पार्सल आलं. तिच्या जुन्या सॅटिनच्या परकराचे दोन अभ्रे, कडेला बारीक हातशिलाई. आता मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिची बट ताणली की कमरेला टेकते. रविवारी फोन लावला की आई आधी विचारते, "आज न्हाणं आहे का?" हो म्हटलं की म्हणते, "मग ठेवते. उद्याच बोलू."